डब्याला चिमणी नसते

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. विषयही जरा आडवळणाचा आहे. काँक्रीटवर मारायचं सीलर, त्यात मिसळलेलं थिनर, आणि ते हवेत किती जाऊ द्यायचं यावर जगात कायदे कसे झाले. आपल्याकडे मुंबईत १९१२ पासून धुरावर कायदा आहे, पण या थिनरच्या वाफेवर आजही नाही. असं का, ते शोधत बसलो आणि जे हाती लागलं ते इथे लिहून राहिलो.

मे लागला की भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, सगळीकडे स्लॅबची कामं निघतात. आपल्या लहानपणी पावसाआधी कवेलू खालीवर करून नीट बसवले की काम संपायचं. आता कवेलूची जागा स्लॅबने घेतली. स्लॅब गळतो, मग त्यावर कोट मारावा लागतो. अंगणात गट्टू आले, ते चमकावे म्हणून त्यावर लॅकर आलं. समोरच्या भिंतीला लाल विटा किंवा दगड लावला की त्यावर पाणी न धरणारं सिलिकॉन आलं. राईस मिलच्या गोदामात इपॉक्सीची फरशी आली. दहा-पंधरा वर्षांत हे सगळं एवढं वाढलं की हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या थप्पीपेक्षा डब्यांची रांग मोठी दिसते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, नाहीतर उगाच घबराट व्हायची. छतावर मारायचं ते पांढरं, दाट, रबरासारखं वॉटरप्रूफिंग बहुतेक वेळा पाण्यातलं असतं. त्याचा त्रास फार नाही. मी बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. ज्याचं झाकण उघडलं की डोळ्यात जातं, ज्याचा ब्रश पाण्याने धुतला जात नाही, ज्याच्यासोबत दुकानदार थिनरची वेगळी कॅन देतो. गट्टूचं लॅकर, सॉल्व्हंटमधलं अ‍ॅक्रिलिक सीलर, डांबरी प्रायमर, पीयू, विटा-दगडांवरचं टर्पेंटाइनमधलं सिलिकॉन, हा तो प्रकार.

त्यात होते काय ते समजून घ्या. काँक्रीट वरून दगडासारखं दिसत असलं तरी आतून ते बारीक भोकांचं असतं. त्या भोकांत राळ, म्हणजे रेझिन, शिरायला हवं. घट्ट रेझिन शिरत नाही म्हणून ते टोल्युइन, झायलीन किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करतात. पातळ झालेला माल आत शिरतो, थिनर उडून जातं, रेझिन मागे राहतं. म्हणजे थिनरचं काम फक्त हमालाचं. माल पोचवला की तो निघून जातो. कुठे जातो? हवेत. सगळाच्या सगळा. डब्यावर लिटरला ६०० ग्रॅम सॉल्व्हंट असेल, तर २० लिटरच्या एका डब्यातून १२ किलो वाफ तुमच्या मोहल्ल्याच्या हवेत जाते. आमचे ओळखीचे एक पेंटर म्हणाले, "भाऊ, वास तर तीन दिवसांत उडून जाते." उडून जाते म्हणजे नाहीसा होत नाही, एवढंच यांना कोणी सांगितलं नाही.

आता थोडं दूर जाऊ, अमेरिकेत लॉस एंजेलिसला. कारण या डब्यावरचा पहिला कायदा तिथे झाला, आणि तो ज्या रस्त्याने झाला तो रस्ता फार मजेदार आहे.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध सुरू होतं. त्या दिवशी शहरावर असा धुरकट पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा जळजळू लागला, काही गल्ल्यांपलीकडचं दिसेना. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. लोकांच्या दबावाने तो काही काळ बंद केला, तरी धुरकं काही जाईना. पुढे १९४७ मध्ये काउंटीने हवेसाठी स्वतंत्र जिल्हा यंत्रणाच उभी केली आणि गंधकाचा धूर, रिफायनऱ्या, कचरा जाळण्याच्या भट्ट्या यांच्यामागे लागली. तरी डोळे चुरचुरतच होते.

हे कोडं सुटलं ते पालकाच्या पानावरून. खरंच सांगतोय. त्या परिसरातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या पालकाची पानं चकाकी आल्यासारखी होऊन करपत होती. अशी खूण आधी कोणी पाहिली नव्हती. आरी हागेन-स्मिट नावाचा मूळचा हॉलंडचा रसायनशास्त्रज्ञ कॅलटेक संस्थेत होता. त्याचं तोवरचं काम काय, तर अननसाला वास कशाने येतो ते शोधणं. त्याने बंद खोलीत पालक, बीट, ओट यांसारखी रोपं ठेवली. पेट्रोलसारख्या पदार्थांच्या वाफा आणि ओझोन सोडून पाहिलं, आणि पानांवर हुबेहूब तीच इजा उमटली. १९५२ च्या सुमारास त्याने मांडून दाखवलं की धुरक्यातला जाळणारा भाग कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. इंजिनं आणि भट्ट्यांतून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, इंधन-थिनरच्या वाफा, आणि वरून कडक ऊन. हे तीन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन बनतो. वरच्या आकाशातला ओझोन आपलं रक्षण करतो. खालचा फुप्फुसं जाळतो, पानं जाळतो, रबराला चिरा पाडतो. हागेन-स्मिट तर वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवून ती किती वेळात तडकते यावरून ओझोन मोजायचा. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संस्थेने त्याला वेड्यात काढायचा प्रयत्न केला, त्यामुळे तो आणखी पेटला.

मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी कलाटणी इथे दिसते. तोपर्यंत प्रदूषण म्हटलं की बोट दाखवता येईल असं एक धुराडं हवं होतं. आता गुन्हेगार ठरली ती लाखो छोट्या गोष्टींची बेरीज. प्रत्येकाची गाडी, प्रत्येक पेट्रोल पंप, प्रत्येकाच्या घराचा रंग. एका डब्याला कोणी दोष देऊ शकत नाही आणि सगळे डबे मिळून मात्र एखाद्या कारखान्याएवढे होतात.

म्हणून १९६६ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ६६ नंबरचा नियम आणला. उन्हात ओझोन बनवायला मदत करणारे सॉल्व्हंट किती वापरायचे यावर बंधन आलं. त्यालाच जोडलेल्या ६६.१ नियमात म्हटलं होतं की असे सॉल्व्हंट असलेला घराचा रंग एक क्वार्ट, म्हणजे साधारण एक लिटर, किंवा त्याहून मोठ्या डब्यात विकायचाच नाही. पाहा, कायदा पहिल्यांदा चिमणीवरून खाली उतरून दुकानाच्या फळीवर आला. चार काउंट्यांची मिळून साउथ कोस्ट नावाची प्रादेशिक यंत्रणा झाली आणि १९७७ मध्ये तिचा १११३ नंबरचा नियम आला. तो आजही चालू आहे, फक्त दर काही वर्षांनी आवळला जातो. भिंतीचा रंग, लाकडाचं पॉलिश, काँक्रीटचं सीलर, प्रत्येकाला लिटरमागे किती ग्रॅम ते ठरलेलं.

आता आकड्यांची गंमत पाहा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने संपूर्ण देशासाठी जे नियम केले त्यात पाणी रोखणाऱ्या सीलरला लिटरला ६०० ग्रॅमपर्यंत सूट होती. काँक्रीट पिकवून वर सीलही करणाऱ्या मालाला तर ७००. ईशान्येकडच्या राज्यांनी २००१ मध्ये मिळून एक आदर्श नियम बनवला, त्यात काँक्रीटच्या वॉटरप्रूफिंग सीलरला ४०० धरले. साउथ कोस्टमध्ये आज तीच मर्यादा १०० आहे. म्हणजे जो २० लिटरचा डबा आधी १२ किलो वाफ सोडायचा, तो तिथे २ किलोच्या वर सोडू शकत नाही. घरं काही गळायला लागली नाहीत. सिलेन-सिलॉक्सेन पाण्यात आणता आलं, अ‍ॅक्रिलिक पाण्यात आणता आलं.

कंपन्या गप्प बसल्या असतील असं समजू नका. रंग कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, आज जे तंत्रज्ञान बाजारात नाही त्यावर मर्यादा कशी ठरवता? २५ जून २०१२ ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुदत येईपर्यंत तंत्रज्ञान येईल अशी वाजवी खात्री असेल तर मर्यादा आधीच ठरवता येते. आमच्याकडच्या वकील मित्रांनी हा निकाल जरूर वाचावा.

पण तिथलं सगळंच सोन्याचं नाही. नियम ओझोनसाठी होता, मजुराच्या छातीसाठी नव्हता. त्यामुळे जे सॉल्व्हंट ओझोन फारसा बनवत नाहीत त्यांना यादीतून सूट मिळाली. १९९५ मध्ये अ‍ॅसिटोनला मिळाली. त्याच्या आगेमागे पॅराक्लोरोबेंझोट्रायफ्लोराइड नावाच्या एका रसायनाला मिळाली, आणि सीलर बनवणाऱ्यांनी ते भरभरून वापरलं. डब्यावर आकडा छान कमी दिसायचा. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने तेच रसायन कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकलं. आपण उद्या त्यांचा नियम उचलला तर ही सूट डोळे मिटून उचलू नये, एवढं म्हणून पुढे जातो.

मजुराच्या बाजूने कायदा कुठे आला असेल तर डेन्मार्कमध्ये. १९७० च्या दशकात तिथल्या पेंटरांमध्ये विसराळूपणा, चिडचिड, डोकं जड राहणं याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की त्या दुखण्याला पेंटरांच्याच नावाने ओळखू लागले. कामगारांनी रेटा लावला आणि डब्यावर कोड नंबर आला, म्हणजे आत किती थिनर आहे आणि कोणता मास्क घालायचा ते नंबरवरून कळावं. पुढे युरोपीय संघाने २००४ मध्ये निर्देश काढून २००७ आणि २०१० अशा दोन टप्प्यांत इमारतीच्या रंगांवर मर्यादा लावल्या. आतल्या भिंतीच्या पाण्यातल्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरला फक्त ३० ग्रॅम. चीनने तिसरीच वाट धरली. १ फेब्रुवारी २०१५ पासून लिटरला ४२० ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट असलेल्या रंगावर ४ टक्के कर. बंदी नाही, भाषण नाही, सरळ खिशाला चिमटा.

आता घरी येऊ.

हिंदुस्थानात हवेचे कायदे नवीन आहेत असं समजू नका. कलकत्त्यासाठी बंगालचा धूर कायदा १९०५ चा, मुंबईचा १९१२ चा. गिरण्यांच्या चिमण्यांतून किती काळा धूर निघावा, तो किती वेळ निघावा, हे पाहायला निरीक्षक होते. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. पितळी भांड्यांच्या भट्ट्या आपापल्या धुरात चालत राहिल्या. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला १९५६ ला, महाराष्ट्रात १९६० ला.

राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं ७ सप्टेंबर १९७० ला, पण ते पाण्यासाठी. हवेचा केंद्रीय कायदा आला १९८१ मध्ये, स्टॉकहोमच्या १९७२ च्या परिषदेनंतर नऊ वर्षांनी. महाराष्ट्राने तो १९८३ मध्ये स्वीकारला आणि २ मे १९८३ ला राज्यातले काही भाग हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर केले. संपूर्ण महाराष्ट्र असं क्षेत्र झाला तो ६ नोव्हेंबर १९९६ ला. तेरा वर्षं लागली. यावर आपल्याकडे कुठे चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

या कायद्याचं १९ वं कलम मी पुन्हापुन्हा वाचलं. राज्य सरकारला या क्षेत्रात काय काय बंद करता येते? मंजूर नसलेलं इंधन. मंजूर नसलेलं उपकरण. आणि इंधन नसलेली वस्तू जाळणं. म्हणजे जळण, भट्टी आणि जाळणं. २१ वं कलम संमतीचं, ते औद्योगिक प्लांटला लागू. आता सांगा, गट्टूवर लॅकर मारणारा पेंटर यात कुठे बसतो? तो काही जाळत नाही. त्याचा प्लांट नाही. त्याच्याकडे एक ब्रश, एक रोलर आणि एक डबा. डबा ज्या कारखान्यात भरला त्या कारखान्याच्या गेटपर्यंत मंडळाची नजर आहे. गेटच्या बाहेर डबा निघाला की तो कोणाचाच नाही. १९१२ ची नजर १९८१ मध्ये तशीच उतरली: काळा धूर दिसला की गुन्हा, न दिसणारी वाफ म्हणजे काहीच नाही.

मी स्वतः वीसेक वर्षं बातम्या करतोय. राईस मिलची काजळी छतावर पडते, वाळूचे टिप्पर धूळ उडवतात, रस्त्याच्या कामाने खोकला वाढला, या बातम्या दरवर्षी होतात आणि व्हायलाच पाहिजेत. थिनरच्या वाफेची बातमी कोणी देत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही.

थिनरवर आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. आहे! सन २००० चा आदेश आहे, सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप यांच्या खरेदी-विक्री-साठवणुकीचा. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. तो कशासाठी? तर पेट्रोल-डिझेलमध्ये भेसळ होऊ नये म्हणून. सॉल्व्हंट पंपाच्या टाकीत गेलं तर पोलीस येतात, मजुराच्या छातीत गेलं तर कोणी येत नाही. यावर मी काही वेगळं बोलायची गरज नाही.

२००९ च्या १८ नोव्हेंबरला केंद्रीय मंडळाने हवेची नवी मानकं काढली. १२ घटकांमध्ये ओझोन आहे, बेंझीनही आहे. ओझोनला आठ तासांच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा. म्हणजे ओझोन वाईट हे सरकारला मान्य. तो ज्यापासून बनतो ती वाफ डब्यात किती असावी यावर मात्र सक्तीची मर्यादा नाही. १९९१ ची इकोमार्क योजना होती, २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले, पण तो शिक्का ज्याला हवा त्याने घ्यायचा. हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र घेणारे बिल्डर पुण्या-मुंबईत कमी सॉल्व्हंटचा माल मागतात. भंडाऱ्यात कोण मागते?

२०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम घ्या. महाराष्ट्रातल्या १९ शहरांमध्ये विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत, भंडारा नाही. आणि त्या शहरांतही मोजमाप धुळीचं. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, उंच पत्रे लावा, हिरवं कापड लावा, पाणी मारा. तेही धुळीसाठी. चूक नाही, धूळ मोठा शत्रू आहेच. पण वाफेला पत्रा अडवत नाही.

"आपल्या देशात डब्यावर मर्यादा घालणं शक्यच नाही," असं एका अभियंता मित्राने मला ठासून सांगितलं. त्याला मी शिशाचं उदाहरण दिलं. रंगात शिसं असायचं, लहान पोरांच्या मेंदूला ते घातक. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्थांनी दुकानांतून डबे आणून तपासले, वर्षानुवर्षं अहवाल काढले. शेवटी २०१६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. डब्यावर तसं लिहावं लागते. हा १९८६ चा कायदा, भोपाळनंतर आलेला. त्याला चिमणी लागत नाही, तो वस्तूला हात घालू शकतो. शिशासाठी जे कलम चाललं ते सॉल्व्हंटसाठी का चालू नये? मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "महाग होईल बे." त्यावर नंतर येतो.

पहिला प्रश्न मजुराचा आहे. झायलीन साधारण २५ ते ३० अंशांच्या पुढे एवढी वाफ देतं की ठिणगी पडली तर ती पेट घेऊ शकते. टोल्युइनला तर ४ अंश पुरतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असते. म्हणजे जेव्हा स्लॅब आणि गट्टूचं काम सर्वात जास्त, तेव्हाच वाफ सर्वात जास्त, आणि पेंटरच्या कानाला बिडी. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती वर जात नाही, खाली साचते. उघड्या अंगणात वारा तिला नेतो. पाण्याची टाकी, तळघर, गोदाम, संडासाची बंद खोली, इथे ती घोट्यापासून छातीपर्यंत भरत येते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही पहिली खूण. बंद टाकीत दुसरी खूण कळायला माणूस शुद्धीवर राहत नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा धुळीचा मास्क याला काहीच अडवत नाही. त्याला कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. कारखान्यांच्या कायद्यात १९८७ मध्ये टोल्युइन-झायलीनच्या मर्यादा घातल्या गेल्या, हवेत दहा लाखाला १०० भाग, आठ तासांसाठी. पण कारखान्यासाठी. तुमच्या घरच्या टाकीत कोण मीटर घेऊन बसते?

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहे, राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. आपल्या जिल्ह्यात त्या मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी केवढ्या रांगा लागल्या ते सगळ्यांनी पाहिलं. भांडी घ्या, हक्काची आहेत. पण पेंटरला एक नीट मास्क आणि टाकीत उतरण्याआधी हवा खेळती करायचा पंखा मिळाला तर तो पैसा अधिक कामी येईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न धानाचा. पालकाची गोष्ट उगाच नाही सांगितली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढ्या धान्यात ९ कोटी ४० लाख लोकांचं पोट भरलं असतं. आपला जिल्हा तांदळाचा. त्यातही उन्हाळी धान फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमकं कडक उन्हात उभं असते.

पण इथे मी ताणून सांगणार नाही. तुमच्या अंगणातल्या गट्टूच्या लॅकरने शेजारच्या बांधीतलं धान करपलं, असं होत नाही. ओझोनचा मोठा वाटा गाड्यांचा आणि वीज केंद्रांचा. झाडंही वाफा सोडतात, जंगल आपल्याकडे भरपूर. खेड्याच्या हवेत सहसा कमी असतो तो नायट्रोजनचा ऑक्साइड. तो आला की गणित जुळते. आता नकाशा पाहा. पश्चिमेला मौद्याचं वीज केंद्र, त्यापलीकडे नागपूर, कोराडी, खापरखेडा. उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा-वायव्येचा. जिल्ह्याच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक. तिखट तिकडून येते, फोडणीचं तेल आपण इथे ओततो. म्हणूनच हा नियम एका गावाने करून भागत नाही, तो प्रदेशाचा लागतो. लॉस एंजेलिसलाही एकट्या काउंटीने भागलं नाही म्हणून चार काउंट्या एकत्र आल्या. आपल्याकडे दिल्ली परिसरासाठी २०२१ मध्ये तसा आयोग कायद्याने झाला. नागपूर-भंडारा-चंद्रपूर पट्ट्यासाठी कोणी मागणी केल्याचं ऐकलं नाही.

आता महागाईचं. पाण्यातला माल काही प्रकारांत महाग पडतो हे खरं. पावसाळी दमट हवेत तो वाळायला वेळ घेतो, हेही खरं. पण थिनरच्या कॅनचे पैसे वाचतात ते कोणी धरत नाही. आणि घरकुलवाल्या गरीब माणसाचं नाव पुढे करणाऱ्यांना मी विचारतो, घरकुलावर लॅकर मारलेला पाहिला का कधी? हा खर्च आहे तो बंगल्यांचा, लॉनचा, मंगल कार्यालयांचा आणि सरकारी इमारतींचा.

सरकारी इमारतींवरून आठवलं. दिल्लीचा नियम येईल तेव्हा येईल. पण नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत जेव्हा शाळेच्या टाकीचं, अंगणवाडीच्या स्लॅबचं, बगीच्यातल्या गट्टूचं टेंडर काढते, तेव्हा एक ओळ टाकायला कोणी अडवलं आहे? सीलर पाण्यातलं असावं किंवा लिटरला १०० ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट नसावं. पिण्याच्या टाकीत आणि शाळेच्या खोलीत तर ही ओळ हवीच. जिल्ह्यातल्या दोन-तीन सदस्यांशी मी बोललो. एकाने विचारलं, "हे मोजायचं कसं?"

मोजायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक मालाचं टेक्निकल डेटा शीट असते, दुकानदाराला मागा किंवा मोबाईलवर शोधा. त्यात व्ही-ओ-सी या तीन इंग्रजी अक्षरांसमोर लिटरमागे ग्रॅमचा आकडा असतो. त्याच कंपन्या बाहेरच्या देशांत कमी आकड्याचा माल विकतात, त्यामुळे त्यांना हा आकडा चांगला माहीत आहे. आकडा दिलाच नसेल तर मागच्या बाजूला पाहा, "थिनरने पातळ करा" लिहिलं असेल तर काय ते समजा.

जूनच्या आत शाळांच्या टाक्यांची आणि स्लॅबची कामं उरकतात. तुमच्या गावात काम सुरू असेल तर डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा. गाव आणि कामाचं नाव लिहा, तुमचं नाव कुठे येणार नाही. पेंटर टाकीत उतरणार असेल तर फोटो नंतर, आधी त्याला बाहेर थांबवा, झाकण उघडून पंखा लावा, आणि वर एक माणूस उभा ठेवा.